'रोलिन': चार वर्षांनी आलेला पहिला क्रमांक

ब्रेव्ह गर्ल्स या दक्षिण कोरियन गटाचे 'रोलिन' ७ मार्च २०१७ रोजी प्रकाशित झाले. कोरियातल्या गाण्यांची लोकप्रियता मोजणाऱ्या गाओनच्या साप्ताहिक डिजिटल यादीत ते पहिल्या शंभरातही दिसले नाही. चार वर्षांनी, ७ ते १३ मार्च २०२१ या आठवड्यात, तेच ध्वनिमुद्रण त्याच यादीत पहिले आले. मधल्या काळात गाण्याचा एक सूरही बदललेला नव्हता, आणि ते गाणाऱ्या चौघी तर गट मोडण्याच्या बेतात होत्या.

जुने गाणे असे खालून वर चढले की कोरियात त्याला 'योकजुहेंग' म्हणतात. अशी गाणी याआधीही झाली होती. तरी 'रोलिन' हे त्यांतले सर्वांत अभ्यासण्यासारखे, कारण त्याच्या घसरणीचा आणि चढणीचा जवळजवळ प्रत्येक टप्पा उघड्यावर घडला आणि याद्यांच्या नियमांशी ताडून पाहता येतो. 'यूट्यूबच्या अल्गोरिदमने नशीब उघडले' हे त्यावरचे नेहमीचे उत्तर. आमच्या मते ते अपुरे आहे. गाण्याला श्रोते २०१७ पासूनच होते, आणि लाखोंनी होते. फक्त ते अशा जागी राहत होते जिथले ऐकणे कुठलीच यादी मोजत नव्हती.

गट कसा होता

ब्रेव्ह एंटरटेनमेंट ही संगीतकार कांग डोंग-चोल यांची कंपनी. उद्योगात ते ब्रेव्ह ब्रदर्स या नावाने ओळखले जातात. दुसऱ्या कंपन्यांच्या गटांसाठी त्यांनी अनेक गाजलेली गाणी केली होती. स्वतःच्या कंपनीचा मुलींचा गट मात्र एप्रिल २०११ मध्ये पदार्पण करूनही कधी वर आला नाही. सदस्य बदलत गेल्या, मध्ये काही वर्षे गट जवळपास बंदच होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये नव्या मुली घेऊन सातजणींचा गट पुन्हा उभा केला गेला, पण २०१७ उजाडताच मूळ गटातल्या उरलेल्या दोघीही बाजूला झाल्या. 'रोलिन' गाणाऱ्या पाचजणींत, म्हणजे मिनयंग, युजंग, उनजी, युना आणि हायुन यांच्यात, २०११ च्या पदार्पणातली एकही नव्हती. पुढे हायुनही गेली आणि चौघी उरल्या.

ही पार्श्वभूमी सांगण्याचे कारण व्यावहारिक आहे. कोरियन पॉपमध्ये नव्या गाण्याचे पहिले काही तास चाहत्यांच्या संघटित ऐकण्यावर तरतात. सदस्य सतत बदलणाऱ्या गटाकडे असा चाहतावर्ग साठत नाही. ज्या मुलीसाठी माणूस चाहता झाला तीच दोन वर्षांत निघून गेली, तर तोही जातो.

२०१७ मध्ये गाणे का बुडाले

'रोलिन' हे ट्रॉपिकल हाउस धाटणीचे, उन्हाळी चालीचे गाणे. ते बाहेर आले मार्चच्या पहिल्या आठवड्यात, सोलमध्ये लोक अजून जाड कोट घालून फिरत असताना. त्याच सुमारास बीटीएसचे 'स्प्रिंग डे', ट्वाइसचे 'नॉक नॉक', तेयनचे 'फाइन' आणि आदल्याच दिवशी आलेले जीफ्रेंडचे 'फिंगरटिप' ही गाणी बाजारात होती. प्रत्येकामागे पक्का चाहतावर्ग किंवा मोठी कंपनी होती.

दुसरी अडचण सादरीकरणाची. गाणे आनंदी, चाल हसरी, नाचात दोन्ही हात पसरून पाकट माशाच्या परांसारखे हलवण्याची एक लहान मुलालाही जमेल अशी लकब. कंपनीने मात्र ते मादक गाणे म्हणून विकले. उंच स्टुलांवरचा नाच, तसेच कपडे, तसेच मुखपृष्ठ. ज्या तरुण मुली कोरियात गाण्यांवर सर्वांत जास्त पैसे खर्च करतात त्यांना हे आपले वाटले नाही. या मुखपृष्ठाकडे पुढे परत यायचे आहे, कारण २०२१ मध्ये तेच एक ठोस अडथळा ठरले.

तिसरे कारण याद्यांच्या नियमांत होते, आणि त्याची चर्चा फार कमी होते. तोवर कोरियात नवी गाणी मध्यरात्री बारा वाजता येत. त्या वेळी सामान्य श्रोता झोपलेला असतो. त्यामुळे थोडे चाहते जागे राहूनही गाणे काही तासांसाठी तासागणिक यादीत वर नेऊ शकत, आणि सकाळी उठणाऱ्यांना ते वरच दिसे. २७ फेब्रुवारी २०१७ पासून हा मार्ग बंद झाला. दुपारी १२ ते संध्याकाळी ६ या वेळेत आलेली गाणीच लगेच यादीत धरली जाऊ लागली, बाकीची दुसऱ्या दिवशी दुपारी १ वाजता. म्हणजे नव्या गाण्याला थेट दिवसाच्या गर्दीत उतरणे भाग पडले. 'रोलिन' या नियमानंतर आठ दिवसांनी आले.

यादीत शिरण्याला एवढे महत्त्व का, हे आकड्यांपेक्षा सवयीतून कळते. कोरियात दुकाने, कॅफे, व्यायामशाळा आणि असंख्य घरगुती श्रोते 'पहिली शंभर' अशी अख्खी यादीच लावून ठेवतात. शंभराव्या क्रमांकावरचे गाणे त्या साखळीत वाजते, एकशे एकावे वाजत नाही. उंबरठा ओलांडला की ऐकणे आपोआप वाढते. उंबरठ्याच्या अलीकडे राहिले तर गाणे आठवड्याभरात संपते. 'रोलिन'ने तो उंबरठा २०१७ मध्ये ओलांडलाच नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये चौघींच्या आवाजात त्याची नवी आवृत्ती काढली, तीही तशीच गेली.

बराकीतली चार वर्षे

इथे गाण्याची वाट दुभंगते. टीव्हीवरचे संगीत कार्यक्रम, विद्यापीठांचे महोत्सव, मोठ्या मैफली यांत गटाला फारसे स्थान नव्हते. लष्करी तळांवरचे मनोरंजनाचे कार्यक्रम मात्र मिळत होते. संरक्षण खात्याच्या प्रसारण संस्थेचा 'विमुन योल्छा' हा जवानांसाठीचा फिरता कार्यक्रम १९६१ पासून चालू आहे. ब्रेव्ह गर्ल्स त्यात वारंवार गेल्या. पीत समुद्रातल्या, उत्तर कोरियाच्या किनाऱ्यालगतच्या बेंग्न्योंग बेटावरही गेल्या. इंचनहून तिथे जायला बोटीने सुमारे चार तास लागतात, आणि हवा बिघडली की बोट सुटत नाही. प्रसिद्धीच्या हिशोबाने हे काम तोट्याचे. नामांकित गट ते सहसा घेत नाहीत.

श्रोता कोण होता ते पाहू. कोरियात पुरुषांना सक्तीची लष्करी सेवा आहे. पायदळातली मुदत २०१७ मध्ये २१ महिने होती. २०१८ पासून ती टप्प्याटप्प्याने १८ महिन्यांवर आणली गेली. त्या काळात दरवर्षी दोन लाखांहून अधिक तरुण दाखल होत आणि जवळपास तितकेच घरी परतत. म्हणजे मार्च २०१७ ते फेब्रुवारी २०२१ या काळात बराकींतून काही लाख तरुण आत-बाहेर झाले. बराकीतल्या टीव्हीवर संगीताचे कार्यक्रम लावणे हा तिथल्या दिनक्रमाचा भाग. 'रोलिन' लागले की सगळी खोली उभी राहून नाचते, अशा आठवणी या तरुणांनी पुढे हजारोंनी लिहिल्या. सुटून जाणारा शिपाई नव्या शिपायाला कामाबरोबर हे गाणेही सोपवून जातो, असे ते लिहीत. जवानांच्या आवडीच्या या अदृश्य यादीला कोरियात 'मिलबोर्ड' हे नावही पडलेले आहे.

आता मोजणीचा प्रश्न. बराकीतला टीव्ही चाळीस जणांनी पाहिला काय किंवा एकाने पाहिला काय, मेलन किंवा जीनी या ऑनलाइन संगीत सेवांच्या यादीत त्याची नोंद शून्य. यादी फक्त आपल्या खात्याने आत आलेल्या ग्राहकाचे ऐकणे मोजते. आणि शिपायाच्या हातात २०१९ पर्यंत मोबाइलच नव्हता. एप्रिल २०१९ मध्ये सर्व तुकड्यांत प्रायोगिक परवानगी मिळाली, जुलै २०२० पासून ती कायम झाली, तीही कामाच्या दिवशी संध्याकाळी ६ ते ९ एवढीच. सेवेतला तरुण दर महिन्याला पैसे भरून संगीत सेवेचे सभासदत्व चालू ठेवण्याची शक्यता कमीच. गाणे लोकप्रिय होते आणि यादीत नव्हते, यात विसंगती काहीच नाही. दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत त्या.

शिवाय सुटून आल्यावर हाच तरुण ते गाणे का शोधत नव्हता? शोधतही असेल, पण एकेकटा, वेगवेगळ्या महिन्यांत. शंभरच्या उंबरठ्यासाठी सगळ्यांनी एकाच दिवशी ऐकावे लागते. विखुरलेल्या लाखाने काही होत नाही.

२४ फेब्रुवारी २०२१

त्या बुधवारी 'व्हिडिटर' या यूट्यूब वाहिनीने एक चित्रफीत चढवली. लष्करी तळांवरच्या 'रोलिन'च्या जुन्या सादरीकरणांचे तुकडे एकत्र जोडलेले, आणि त्या त्या जागी आधीच्या चित्रफितींखालच्या जवानांच्या टिप्पण्या पडद्यावर मजकुरासारख्या बसवलेल्या. 'टिप्पण्यांचा संग्रह' हा कोरियन यूट्यूबवरचा तेव्हा रुळलेला प्रकार होता. ती वाहिनी अशा अनेक चित्रफिती करत होती.

हीच का चालली, याची कारणे चित्रफितीच्या बांधणीत सापडतात. पहिले, जवानांचा जल्लोष. गाण्याच्या आवाजावर तो चढतो, आणि गाणे कधीही न ऐकलेल्या माणसालाही वाटते की आपल्याला माहीत नसलेले काहीतरी मोठे आहे. दुसरे, टिप्पण्या गमतीच्या असल्या तरी प्रेमाने लिहिलेल्या. आदल्या वर्षी, २०२० मध्ये, गायक रेनचे २०१७ चे 'गांग' हे गाणे असेच वर आले होते, पण तिथे सुरुवात टवाळीने झाली होती. टवाळीतून आलेला श्रोता चित्रफीत पाहून निघून जातो, गाण्याला सभासदत्वाच्या खात्यात जागा देत नाही. 'रोलिन'च्या टिप्पण्यांत लोक कृतज्ञता सांगत होते. तिसरे, त्या चौघींचे चेहरे. समोर लहानसा मंच, ऊन, मातीचे मैदान, आणि त्या पूर्ण ताकदीने, हसत नाचताहेत. युजंगच्या हसण्यावरून तिला कासवाचे टोपणनाव मिळाले, युनाला आखूड केसांचे, उनजीला मोठ्या डोळ्यांचे, मिनयंगला मुख्य गायिकेचे. चार अनोळखी मुलींना दोन दिवसांत चार ओळखी मिळाल्या. एरवी कंपन्या याच कामावर महिनोन्महिने खर्च करतात.

चौथे कारण सर्वांत महत्त्वाचे. बातमी कळताच धावत येणारे लोक आधीच तयार होते. सेवेतून सुटलेले, आता नोकरी किंवा शिक्षण करणारे, खिशात मोबाइल आणि त्यात संगीत सेवेचे सभासदत्व असलेले. त्यांना गाणे शिकवावे लागले नाही. चित्रफितीने केले ते एवढेच की विखुरलेल्यांना एका दिवशी, एका जागी आणले.

त्याच सुमारास गटाची अवस्था काय होती हे सदस्यांनी नंतर मुलाखतींतून सांगितले आहे. गट थांबवण्याची चर्चा झाली होती, सामायिक घरातून सामान हलवले जात होते, युनाने कॉफी बनवण्याचे प्रमाणपत्र मिळवले होते. आणखी काही आठवडे गेले असते तर गाणे चढले असते, पण ते मंचावर गायला कोणी उरले नसते.

यादीचे गणित

चढण एकाच वेळी सगळीकडे झाली नाही, आणि तिचा क्रम शिकण्यासारखा आहे. आधी हलली ती बग्ज या संगीत सेवेची यादी. तिथे ग्राहक कमी आणि यादी तासागणिक, त्यामुळे थोड्या लोकांनीही आकडा सरकतो. मग जीनी. शेवटी मेलन, जिथे पैसे भरणारे ग्राहक सर्वाधिक होते. जुने गाणे खरोखर उठते आहे की चाहत्यांची एका रात्रीची धडपड आहे, हे ओळखायचे तर बग्जवरचा क्रमांक पाहून हुरळून जाऊ नये. तीन-चार दिवसांत ते मेलनच्या शंभरात येते का, आणि आल्यावर रोज वर सरकते का, एवढे पाहावे.

मेलनवर 'रोलिन'ला नियमबदलाचा मोठा आधार मिळाला. २०१७ मध्ये मेलनची यादी तासागणिक होती. एका खात्याचे एक ऐकणे दर तासाला धरले जाई. जुलै २०२० मध्ये मेलनने ती बंद करून २४ तासांची यादी आणली, आणि तिच्यात एका खात्याचे एका गाण्याला २४ तासांत एकदाच मत. फरक किती पडतो ते समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. एका गटाचे १०,००० पक्के चाहते दिवसरात्र दर तासाला गाणे लावतात. जुन्या नियमाने दिवसाला २,४०,००० नोंदी. दुसऱ्या गाण्याचे ६०,००० साधे श्रोते, प्रत्येक जण सकाळी जाताना आणि संध्याकाळी येताना एकदा ऐकतो. जुन्या नियमाने १,२०,००० नोंदी, म्हणजे निम्म्या. नव्या नियमाने पहिल्याच्या १०,००० आणि दुसऱ्याच्या ६०,०००. 'रोलिन' हे दुसऱ्या प्रकारचे गाणे होते. चाहत्यांची फौज नव्हती, पण माणसे पुष्कळ होती. २०२१ ऐवजी २०१९ मध्ये हीच चित्रफीत आली असती तर चढण इतकी वरपर्यंत गेली असती का, याबद्दल आम्हाला दाट शंका आहे.

चोवीस तासांच्या यादीचा आणखी एक गुण असतो. ती सावकाश चढते आणि सावकाश उतरते. तासाच्या यादीत गाणे रात्री वर, दुपारी खाली असे हिंदकळते. इथे एकदा बसलेले गाणे सहज हलत नाही. मराठी वाचकाला कोरियन पॉपचे यश बहुधा यूट्यूबच्या दर्शकसंख्येतून किंवा बिलबोर्डच्या बातमीतून कळते. ते परदेशी चाहत्यांचे बळ दाखवतात. देशातले लोक काय ऐकतात ते मेलनवर कळते.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात 'रोलिन' सर्व मोठ्या सेवांवर एकाच वेळी पहिले होते. कोरियात त्याला 'परफेक्ट ऑल-किल' म्हणतात. गाओनचा आठवडा रविवारी सुरू होऊन शनिवारी संपे, म्हणून पहिल्या क्रमांकाचा तो आठवडा नेमका गाण्याच्या चौथ्या वाढदिवशी सुरू झाला. १४ मार्चला एसबीएस वाहिनीच्या 'इन्किगायो' या संगीत कार्यक्रमात गटाला पहिला विजय मिळाला. या गटाचे फेब्रुवारी २०१६ मधले पुनर्पदार्पण पहिला दिवस धरला तर तो १,८५४वा दिवस होता. अशा कार्यक्रमांत गुण ऑनलाइन ऐकणे, अल्बमची विक्री, चित्रफितींचा प्रतिसाद आणि प्रेक्षकांची मते यांतून जमतात. चार वर्षे जुन्या अल्बमला विक्रीचे गुण मिळणे कठीण. 'इन्किगायो'मध्ये ऑनलाइन ऐकण्याचा वाटा सर्वांत मोठा, म्हणून ती कसर तिथे भरून निघाली. २५ मार्चला गायिका आययूचे 'लायलॅक' आले आणि पहिली जागा त्याने घेतली, पण 'रोलिन' त्यानंतरही कितीतरी आठवडे वरच्या जागांवर टिकून होते.

कंपनीने नेमके काय केले

चढणीच्या पहिल्या दहा दिवसांतली कामे जुन्या गाण्याच्या कोणत्याही मालकाने टिपून ठेवावीत अशी आहेत.

पहिले, मुखपृष्ठ. चाहत्यांनी सरळ तक्रार केली की गाणे आवडते पण बसमध्ये, कार्यालयात मोबाइलच्या पडद्यावर ते चित्र उघडे दिसते आणि संकोच वाटतो. कंपनीने ऐकले आणि संगीत सेवांवरचे चित्र बदलून साधे, हसरे चित्र लावले. हा लहानसा बदल आम्हाला फार मोलाचा वाटतो. गाणे आता मुली, गृहिणी, शाळकरी मुले यांच्यापर्यंत जात होते, आणि २०१७ ची चूक ऐन वेळी आडवी येत होती. ध्वनिमुद्रणाला हात न लावता ती दूर झाली.

दुसरे, चित्रफितीला हात न लावणे. अशा संकलनात सगळी दृश्ये दुसऱ्याच्या मालकीची असतात. हक्काचा दावा करून ती उतरवता येते, आणि कित्येक संस्था सवयीने तेच करतात. इथे ती चित्रफीत वर राहिली. लष्करी प्रसारण संस्थेच्या जुन्या चित्रफिती शोधल्यावर सापडत होत्या, म्हणून आलेल्याला पुढे पाहायला साठाही होता. जुने सादरीकरण ऑनलाइन उपलब्धच नसते तर कुतूहल चार मिनिटांत संपले असते.

तिसरे, चौघींना लगेच टीव्हीवर आणि रेडिओवर नेणे, आणि तेच जुने गाणे त्याच नाचासह सादर करणे. नवे गाणे घाईने पुढे करण्याचा मोह टाळला. त्याऐवजी ऑगस्ट २०२० मध्ये काढलेले आणि तेव्हा दुर्लक्षित राहिलेले 'उनजनमानहे' हे सिटी पॉप धाटणीचे गाणे आपोआप मागोमाग आले, तेही याद्यांत वर आले. श्रोत्याला पहिल्या गाण्याच्या शेजारी दुसरे चांगले गाणे सापडले तर तो थांबतो. ब्रेव्ह गर्ल्सकडे तसे एक तयार होते. हा योगायोग मानू नये. गट मोडकळीला आलेला असतानाही कोणीतरी ते गाणे नीट केले होते.

पैसा कुठे गेला हेही पाहायला हवे. कोरियात २०१९ च्या सुधारणेनंतर स्ट्रीमिंगच्या उत्पन्नातले ३५ टक्के सेवेकडे राहतात आणि ६५ टक्के हक्कधारकांकडे जातात: ध्वनिमुद्रणाच्या मालकाला ४८.२५, गीतकार-संगीतकारांना १०.५ आणि गायक-वादकांना मिळून ६.२५. 'रोलिन'चे ध्वनिमुद्रण कंपनीचे, आणि संगीतही कंपनीच्या मालकाने सहकाऱ्यांबरोबर केलेले. निर्मितीखर्च चार वर्षांपूर्वीच झालेला. म्हणून परत उठलेले गाणे कंपनीसाठी नव्या यशस्वी गाण्यापेक्षाही फायद्याचे ठरते. गायिकांचे खरे उत्पन्न अशा वेळी ऐकण्यातून येत नाही. जाहिराती आणि कार्यक्रमांतून येते, आणि तेही करारात खर्चवजावट कशी लिहिली आहे त्यावर अवलंबून.

एक्सआयडीशी तुलना

'रोलिन'च्या आधीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण एक्सआयडी या मुलींच्या गटाचे. त्यांचे 'अप अँड डाउन' २७ ऑगस्ट २०१४ ला आले आणि बुडाले. ऑक्टोबरमध्ये पाजू इथल्या जवानांच्या एका कार्यक्रमात कोणा चाहत्याने हानी या सदस्याचा नाच टिपला. ती चित्रफीत पसरली, गाणे परत यादीत शिरले, आणि ८ जानेवारी २०१५ ला 'एम काउंटडाउन' या टीव्हीवरच्या संगीत कार्यक्रमात पहिला विजय मिळाला. जवानांचा मंच दोन्हीकडे समान. पण एक्सआयडीचे गाणे चार महिन्यांत उठले, तेव्हा ते नवेच होते आणि गटाचे काम चालू होते. शिवाय तिथे प्रकाश एकीवर पडला आणि बाकीच्यांना तिच्या मागे उभे राहावे लागले. ब्रेव्ह गर्ल्सच्या बाबतीत टिप्पण्यांनी चौघींना वाटून ओळख दिली, आणि गट एकसंध राहिला. संकलन करणाऱ्याने मुद्दाम केले की नाही ते बाजूला ठेवू. परिणाम चांगला झाला.

पुढे

पहिले पाऊल बरोबर पडले. १७ जून २०२१ ला 'समर क्वीन' हा लघुअल्बम आणि 'छिमातबाराम' हे गाणे आले. हंगाम उन्हाळ्याचा, चाल हसरी, कपडे उजळ. २०१७ मध्ये जे चुकले होते ते सगळे इथे दुरुस्त केलेले दिसते. गाणे याद्यांत वरच्या थरात गेले. ऑगस्टमध्ये त्याच अल्बमची वाढीव आवृत्ती निघाली.

यानंतर मात्र जवळपास सात महिने नवे काही आले नाही. १४ मार्च २०२२ ला, पहिल्या विजयाच्या वर्षपूर्तीला, 'थँक यू' काढले. तारीख भावनेने निवडलेली होती आणि चाहत्यांना ती आवडली. पण चाहत्यांचे आभार मानणाऱ्या गाण्यावर, चाहता नसलेला श्रोता थांबत नाही, आणि या गटाचे बळ तर चाहता नसलेल्या श्रोत्यातच होते. गाणे 'छिमातबाराम'च्या जवळपासही पोचले नाही. त्याच काळात ब्रेव्ह गर्ल्स एमनेट वाहिनीच्या 'क्वीनडम २' या स्पर्धेत उतरल्या. असे कार्यक्रम मोठ्या चाहतावर्गाच्या मतांवर आणि मंचावरच्या महागड्या नाट्यमयतेवर चालतात. बराकीच्या मैदानावर साधेपणाने जिंकलेल्या गटासाठी ही निवड आम्हाला चुकीची वाटते. विजेतेपद दुसऱ्या गटाकडे गेले, आणि वर्षभरापूर्वी ज्यांच्या बाजूने सारा देश होता त्यांची तुलना आता पक्क्या फौजा असलेल्या गटांशी रोज होऊ लागली.

उठलेल्या गाण्याने आणलेला श्रोता गाण्यासाठी येतो. त्याला गटाचा श्रोता करायला साधारण वर्षभराचा अवधी असतो, आणि त्या वर्षात त्याच जातीची दोन-तीन चांगली गाणी लागतात. ब्रेव्ह गर्ल्सना एक मिळाले.

१६ फेब्रुवारी २०२३ ला ब्रेव्ह एंटरटेनमेंटशी असलेला करार संपला. एप्रिलमध्ये चौघीही वॉर्नर म्युझिक कोरियाकडे गेल्या आणि पुढे त्यांनी बीबी गर्ल्स हे नवे नाव घेतले. ऑगस्ट २०२३ मध्ये त्या नावाने त्यांचे पहिले गाणे आले. 'रोलिन'चे ध्वनिमुद्रण जुन्या कंपनीकडेच राहिले. गाणे आजही वाजले की ४८.२५ टक्के तिकडे जातात, आणि ज्या आवाजांवर जवान नाचले त्यांचा हिस्सा त्या ६.२५ मध्येच असतो.